पंपांची मॅन्युअलं वर्डमधून बाहेर काढायची, तर कशात लिहायची?

प्रश्न थोडक्यात असा. रबाळे एमआयडीसीत औद्योगिक पंप बनवणारी मध्यम आकाराची कंपनी. वीसेक मॉडेलं, प्रत्येकाचं मॅन्युअल इंग्रजीत आणि मराठीत, सगळं वर्डमध्ये. फायली मेलवर फिरतात आणि ‘फायनल’, ‘फायनल नवीन’, ‘फायनल साहेब करेक्शन’ अशी नावं घेऊन परत येतात. नवा इंजिनीअर म्हणतो, सगळं मार्कडाउनमध्ये करा, म्हणजे साध्या मजकुरात खुणा घालून लिहायच्या पद्धतीत. एक सल्लागार तशाच दुसऱ्या पद्धतीचं, रिस्ट्रक्चर्डटेक्स्टचं नाव सुचवून गेले. तुम्ही विचारता की यातलं घ्यावं कोणतं, आणि मराठी त्यात नीट बसेल का.

आधी उत्तर देते, कारणं मागाहून. मॅन्युअलं ॲस्कीडॉक या तशाच तिसऱ्या पद्धतीत लिहा. बाकी रोजचं लिखाण, म्हणजे एसओपी, ट्रेनिंगच्या नोट्स, ‘या महिन्यात काय बदललं’ अशी टिपणं, मार्कडाउनमध्ये. रिस्ट्रक्चर्डटेक्स्ट तुमच्यासाठी नाही. पत्रं, टेंडर, करार वर्डमध्येच राहू द्या. तिथे समोरच्या पार्टीला वर्डच हवं असतं. मराठी बसतं, पण आपोआप बसत नाही. मी वागळे इस्टेटमध्ये बसून हेच काम करते, यंत्रं बनवणाऱ्या कंपन्यांची इंग्रजी-मराठी मॅन्युअलं. त्यामुळे मराठीच्या भागावर जरा जास्त लिहिते. बाकीची माहिती इंग्रजीत कुठेही मिळेल, ही मिळत नाही.

या सगळ्या पद्धतींचं मूळ एकच आहे. मजकूर साधा ठेवायचा, नोटपॅडमध्ये उघडला तरी वाचता यावा असा, आणि ‘हे शीर्षक’, ‘हे ठळक’, ‘ही यादी’ एवढं सांगायला कीबोर्डवरचीच दोन-चार चिन्हं वापरायची. मग एखादा प्रोग्राम त्यातून वेबपान, पीडीएफ, वर्ड फाइल, जे हवं ते काढून देतो. तुमच्या सुपरवायझरना हे परकं वाटणार नाही. व्हॉट्सॲपवर शब्दाच्या दोन्ही बाजूंना तारा टाकून तो ठळक करणारी सगळी मंडळी नकळत हेच करत असतात, आणि २०२४ पासून तिथे याद्या आणि अवतरणंही याच रीतीने येतात. फक्त एक सांगून ठेवा: व्हॉट्सॲपवर एक तारा म्हणजे ठळक, मार्कडाउनमध्ये एक तारा म्हणजे तिरका आणि दोन म्हणजे ठळक. पहिल्या आठवड्यातले निम्मे घोळ इथलेच असतात.

मार्कडाउन जॉन ग्रुबर यांनी २००४ मध्ये आणलं, एरन स्वार्ट्झ यांच्या मदतीने. ईमेलमध्ये लोक आधीपासून जे करत होते, शीर्षकाखाली रेघ ओढणं, अवतरणाआधी बाण टाकणं, त्यालाच त्यांनी नियमात बसवलं. शीर्षकाखाली रेघ ही रीत तर नव्वदच्या दशकातल्या सेटेक्स्ट या पद्धतीची. शीर्षकाआधी `#` लावायची रीत स्वार्ट्झ यांच्याच एटीएक्स या पद्धतीची. ग्रुबर यांचा आग्रह एवढाच होता की कच्चा मजकूरही तसाच वाचायला देता आला पाहिजे. ते त्यांना उत्तम साधलं. नियम मात्र मोघम राहिले. यादीच्या आत यादी किती जागा सोडून लिहायची, ताऱ्यात तारे आले तर काय, याची उत्तरं प्रत्येक प्रोग्रामने आपापली दिली, आणि दहा वर्षांत एकाच फाइलीचे चार ठिकाणी चार निकाल दिसू लागले. मग २०१४ मध्ये जॉन मॅकफार्लेन, जेफ ॲटवूड आणि आणखी काहींनी कॉमनमार्क नावाने नियम नेटके लिहून काढले, सहाशेहून जास्त उदाहरणांसकट. गिटहब या प्रोग्रामरांच्या वेबसाइटचं मार्कडाउन त्यावरच उभं आहे. तक्ते, कामांच्या चौकटी वगैरे त्यांनी वर जोडलं. म्हणून तुमच्या इंजिनीअरला ‘मार्कडाउन’ एवढं म्हणू देऊ नका. ‘कॉमनमार्क, अधिक गिटहबचे तक्ते’ असं कागदावर लिहून घ्या, नाहीतर दोन वर्षांनी टूल बदललं की याद्या विस्कटतील.

आता मराठी.

मराठीत प्रत्यय शब्दाला चिकटून येतो. इंग्रजी मॅन्युअलमध्ये बटणाचं नाव ठळक केलं की पुढे जागा असते. आपल्याकडे ‘सेव्हवर टिचकी मारा’, ‘स्टार्टने पंप सुरू होतो’. ठळक करायचं ते ‘सेव्ह’, ‘वर’ नाही. म्हणजे ठळकपणा शब्दाच्या मधेच संपायला हवा. या खुणांचे नियम बनवणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर हे क्वचितच होतं.

मार्कडाउनमध्ये `**सेव्ह**वर` असं लिहा, चालतं. `__सेव्ह__वर` असं अंडरस्कोअरने लिहा, चालत नाही. अंडरस्कोअर तसेच कागदावर उमटतात. प्रोग्रामरांच्या नावांमध्ये अंडरस्कोअर खूप असतात, त्यांना धक्का लागू नये म्हणून कॉमनमार्कने शब्दाच्या मधला अंडरस्कोअर निकामी ठेवला आहे. म्हणून पहिला नियम: मराठीत तारेच वापरायचे.

दुसरी मेख जरा खोल आहे. `**‘सेव्ह’**वर` असं अवतरणासकट ठळक करायला गेलात तर ताऱ्यांनीही दगा दिला असं वाटेल. कॉमनमार्कचा नियम असा की बंद करणाऱ्या ताऱ्यांच्या आधी विरामचिन्ह असेल आणि नंतर थेट अक्षर असेल, तर ते तारे बंद करणारे धरायचेच नाहीत. इंग्रजीत अशी वेळ क्वचित येते, आपल्याकडे दर पानावर. `**झडप (मागची)**चा` हेही त्याच कारणाने फसतं. उपाय सोपा आहे: विरामचिन्ह ताऱ्यांच्या बाहेर काढा, `‘**सेव्ह**’वर`. कंस असेल तर प्रत्ययासाठी वाक्याची रचनाच बदला.

ॲस्कीडॉकमध्ये एक तारा म्हणजे ठळक, पण तो अख्ख्या शब्दालाच लागतो. शब्दाच्या मधे थांबायचं असेल तर दोन तारे. `*सेव्ह*वर` फसतं, `**सेव्ह**वर` बरोबर येतं. म्हणजे योगायोगाने मार्कडाउन आणि ॲस्कीडॉक दोन्हींत एकच सवय चालते. आमच्याकडे नवीन माणसाला हीच एक ओळ सांगतो: मराठीत ठळकसाठी कायम दोन तारे, विरामचिन्हं बाहेर. रिस्ट्रक्चर्डटेक्स्टमध्ये मात्र `**सेव्ह**वर` चालत नाही. तिथे मधे उलटी तिरकी रेघ आणि जागा टाकावी लागते, `**सेव्ह**\ वर`. छापताना ती जागा गळते. दर दुसऱ्या वाक्यात हे करायला कोणीही माणूस राजी होणार नाही, आणि झाला तरी विसरेल.

तिरकं अक्षर मराठीत वापरूच नका. देवनागरीला तशी परंपरा नाही. नोटो सान्स देवनागरी या फाँटात तिरकं रूप नाहीच, म्हणून ब्राउझर सरळ अक्षराला ढकलून तिरपं करतो आणि वेलांट्या शेजारच्या अक्षरात घुसतात. इंग्रजी मूळ मजकुरात तिरकं असेल तिथे मराठीत अवतरण किंवा ठळक, असं एकदा ठरवून टाका.

याद्यांचं. मराठी टंकलेखनाची सवय असलेली व्यक्ती पायऱ्या लिहिताना ‘१.’, ‘२.’ असं देवनागरी अंकात टाइप करणार, आणि ते अगदी बरोबरच आहे. पण मार्कडाउन फक्त इंग्रजी अंकांना यादी मानतं. देवनागरी अंकांनी लिहिलेल्या सहा पायऱ्या त्याच्या दृष्टीने एकच परिच्छेद, आणि सगळ्या एकापुढे एक चिकटून छापल्या जातात. पंप बंद करण्याच्या पायऱ्या अशा चिकटल्या तर ते नुसतं दिसायला वाईट नाही. ॲस्कीडॉकमध्ये अंक टाकायचाच नसतो: ओळीच्या सुरुवातीला नुसता टिंब आणि जागा, क्रमांक प्रोग्राम देतो. मधे पायरी घातली तरी पुढचे आकडे आपोआप सरकतात. वेबपानावर देवनागरी आकडे हवे असतील तर स्टाइलशीटमध्ये यादीचा प्रकार ‘देवनागरी’ असा एकदाच सांगता येतो, ब्राउझरांना तो माहीत आहे. आकृत्यांचे आणि तक्त्यांचे क्रमांक मात्र इंग्रजी अंकांतच येतात; ‘आकृती’ हा शब्द बदलता येतो, पुढचा आकडा नाही. माझं मत विचाराल तर कारखान्याच्या मॅन्युअलमध्ये दाब, टॉर्क, तापमान हे आकडे इंग्रजीतच ठेवा. ऑपरेटर गेजवर जो आकडा बघतो तोच कागदावर दिसला पाहिजे.

टाइप कोण करणार हेही बघा. तुमच्याकडे मराठी टाइप करणाऱ्या बाई इनस्क्रिप्ट या देवनागरी कीबोर्डवर असतील, बहुतेक जुन्या ठिकाणी असतातच. त्या कीबोर्डवर शिफ्ट-आठला तारा नाही, ‘श्र’ येतो. शिफ्ट-तीनला `#` नाही, ‘प्र’मधला पायातला ‘र’ येतो. चौकोनी कंसाच्या जागी ‘ड’, बरोबरच्या चिन्हाच्या जागी ‘ृ’. म्हणजे प्रत्येक खुणेसाठी कीबोर्ड बदला, परत या. उणे चिन्ह तेवढं जागेवर आहे, म्हणून यादीसाठी तारा न वापरता उणे चिन्ह वापरायला सांगा. मार्कडाउन आणि ॲस्कीडॉक दोन्हींत चालतं. मार्कडाउनमध्ये दुसऱ्या पातळीचं शीर्षकही खाली उणे चिन्हांची ओळ टाकून होतं, म्हणजे कीबोर्ड न बदलता. उरलेल्या खुणांसाठी एडिटरमध्ये शॉर्टकट बसवून द्या, एका तासाचं काम आहे. फोनेटिकवाल्यांना, म्हणजे रोमन अक्षरांनी मराठी टाइप करणाऱ्यांना, हा त्रास नाही. ‘साधा मजकूर सगळ्यांना सोपा’ असं इंजिनीअर म्हणतो तेव्हा तो स्वतःच्या कीबोर्डबद्दल बोलत असतो.

उणे चिन्हाची एक गंमत. मराठी लेखाच्या शेवटी आपण नाव लिहितो, ‘- संपादक’, ‘- देखभाल विभाग’. मार्कडाउन त्याची एका मुद्द्याची यादी करतं आणि नावाआधी काळा ठिपका येतो. तिथे उणे चिन्हाऐवजी लांब रेघ टाका. तसंच अहवालाच्या माथ्यावर ‘॥ श्री ॥’ लिहिणारे पुष्कळजण दंडाच्या ऐवजी कीबोर्डवरची उभी रेघ दाबतात. परिच्छेदात ती निरुपद्रवी, पण तक्त्याच्या चौकटीत आली की नवा रकाना सुरू.

तक्त्यांवरून आठवलं, एडिटरमध्ये तक्त्याच्या उभ्या रेघा एकाखाली एक आणायच्या भानगडीत पडू नका. एकसमान रुंदीच्या फाँटातही देवनागरी अक्षरं एकसमान नसतात, रेघा कधीच जुळणार नाहीत. मार्कडाउनच्या आणि ॲस्कीडॉकच्या तक्त्यांना त्या जुळायला लागतही नाहीत. रिस्ट्रक्चर्डटेक्स्टच्या चौकटीवाल्या तक्त्यांना लागतात. तिथेच शीर्षकाखालची रेघही शीर्षकाइतकी लांब असावी लागते, आणि तो प्रोग्राम काना-मात्रा स्वतंत्र मोजतो. ‘ठाणे’ डोळ्यांना दोन अक्षरं, त्याच्या लेखी चार. डोळ्यांनी पुरेशी वाटलेली रेघ त्याला अपुरी पडते आणि सूचनांचा पाऊस. कितीही लांब रेघ चालते, म्हणून काहीजण प्रत्येक शीर्षकाखाली भलीमोठी ओढून मोकळे होतात. रिस्ट्रक्चर्डटेक्स्ट वाईट नाही. पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेचं सगळं दस्तऐवजीकरण त्यात आहे, लिनक्स कर्नलवालेही २०१६ पासून त्याच्याकडे आणि त्यातून पानं बनवणाऱ्या स्फिंक्स या टूलकडे वळले. एकमेकांना बांधलेली हजारो पानं सांभाळायला स्फिंक्ससारखं दुसरं थोडंच आहे. पण ते प्रोग्रामरांचं, प्रोग्रामरांसाठी. तुमच्या सल्लागारांची पार्श्वभूमी बहुधा सॉफ्टवेअरची असावी.

दुव्यांचा एक मुद्दा तुम्हाला हमखास लागेल, कारण पंपावर क्यूआर कोड चिकटवायचा विचार आज ना उद्या येणारच. प्रत्येक शीर्षकाचा पत्ता प्रोग्राम स्वतः बनवतो. मार्कडाउनमधून वेबसाइट बनवणाऱ्या एमकेडॉक्समध्ये मुळात जी व्यवस्था आहे ती देवनागरी अक्षरं सगळी गाळते, म्हणून मराठी शीर्षकांचे पत्ते नुसतेच `_1`, `_2` अशा वळणाचे बनतात. वर एक शीर्षक नवीन घातलं की खालचे सगळे सरकतात आणि छापून चिकटवलेला क्यूआर भलत्याच ठिकाणी नेतो. उलट जे प्रोग्राम देवनागरी राखतात त्यांच्यात दुवा लांबतो: एका देवनागरी चिन्हाचे तीन बाइट, दुव्यात प्रत्येक बाइटला तीन खुणा, म्हणजे काना-मात्रेसकट दर चिन्हामागे नऊ. क्यूआर दाट होतो, तेलकट स्टिकरवरून फोन तो वाचत नाही. म्हणून ज्या शीर्षकाकडे बाहेरून कोणी येणार आहे त्याला स्वतः छोटं रोमन नाव द्या. ॲस्कीडॉकमध्ये शीर्षकाच्या वरच्या ओळीत चौकोनी कंसात `#` लावून ते देता येतं, आणि ते मराठी-इंग्रजी दोन्ही फायलींत एकच ठेवता येतं. भाषा बदलली तरी पत्ता तोच.

शोधण्याबद्दल एकच गोष्ट. ‘दुसऱ्या’ मधला तो अर्धा ‘र’ दोन तऱ्हांनी टाइप होतो, दिसतो सारखाच. एकात नुक्तावाला ‘ऱ’ असतो, दुसऱ्यात साधा ‘र’, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. एकाने शोधलं की दुसरा सापडत नाही. साध्या मजकुराचा फायदा असा की सगळ्या फायलींवर एक छोटी स्क्रिप्ट फिरवून सगळीकडे पहिला प्रकार करून टाकता येतो. वर्डच्या वीस फायलींवर हे करून बघा म्हणजे फरक कळेल.

मग ॲस्कीडॉकच का? कारण तुमची वीस मॉडेलं ही वीस मॅन्युअलं नाहीत. सुरक्षेचं प्रकरण, पाया भरणं, विजेची जोडणी, वॉरंटी हे बहुतेक सगळ्यांत तेच असणार. वर्डमध्ये सुरक्षेचं एक वाक्य बदललं की वीस गुणिले दोन भाषा इतक्या फायली उघडाव्या लागतात, आणि दोन-तीन राहून जातातच. ॲस्कीडॉकमध्ये एका फाइलीत दुसरी फाइल ओढून आणता येते. सुरक्षेचं प्रकरण प्रत्येक भाषेत एकदाच लिहायचं, वीस ठिकाणी ओढायचं. मॉडेलचं नाव, जास्तीत जास्त दाब, तेलाचा ग्रेड हे माथ्यावर एकदा सांगायचं आणि मजकुरात महिरपी कंसात नाव घालून वापरायचं. ‘हा परिच्छेद फक्त सबमर्सिबल मॉडेलांत यावा’ अशी अटही घालता येते. मार्कडाउनमध्ये यातलं मुळात काहीच नाही. जोडकाम करून आणता येतं, पण प्रत्येक टूलचं जोडकाम वेगळं, आणि ते बसवणारा मुलगा ऐरोलीच्या एखाद्या मोठ्या आयटी कंपनीत गेला की कोणालाच काही कळत नाही.

इशारे हा दुसरा मुद्दा. टीप, सूचना, महत्त्वाचं, सावधान, धोका अशा पाच पातळ्या ॲस्कीडॉकमध्ये अंगच्याच आहेत, चिन्हासकट आणि चौकटीसकट. त्यांची मराठी नावंही तुम्हीच ठरवू शकता. गिटहबने मार्कडाउनमध्ये तशाच पाच २०२३ मध्ये आणल्या, पण गिटहबच्या बाहेर त्या चालतीलच असं नाही. विजेच्या यंत्राच्या मॅन्युअलमध्ये ‘धोका’ आणि ‘सावधान’ यांत फरक राहिला पाहिजे. तो लिहिण्याच्या पद्धतीनेच सांभाळलेला बरा. तिसरं म्हणजे तक्ते. मार्कडाउनच्या तक्त्यात दोन रकाने जोडता येत नाहीत, ॲस्कीडॉकमध्ये येतात. सुट्या भागांची यादी एक्सेलमधून सीएसव्ही काढून थेट तक्ता म्हणून ओढता येते, हाताने टाइप करायची गरजच नाही.

ॲस्कीडॉक २००२ मध्ये स्टुअर्ट रॅकहॅम यांनी सुरू केलं, डॉकबुक नावाच्या किचकट एक्सएमएलमध्ये लिहिण्याचा त्रास वाचावा म्हणून. फायलींमधले बदल नोंदवणारा गिट हा प्रोग्राम आहे, त्याची स्वतःची मदतपानं त्यातच लिहिलेली असतात. आता वापरायचं ते ॲस्कीडॉक्टर हे टूल, रुबी या प्रोग्रामिंग भाषेतलं, २०१३ पासूनचं.

पण एक मोठा खड्डा आहे आणि तुम्ही त्यात पहिल्याच दिवशी पडाल. ॲस्कीडॉक्टरचं पीडीएफ बनवणारं जे सरळसोट टूल आहे, ते आतून प्रॉन नावाची लायब्ररी वापरतं, आणि तिला देवनागरीची जुळणी येत नाही. ‘स्थिती’मधली वेलांटी चुकीच्या बाजूला, ‘क्ष’, ‘त्र’, रफार सुटेसुटे. फाँट बदलून काही होत नाही. दोष फाँटाचा नाही, अक्षरं जुळवणारा भागच तिथे नाही. इंग्रजी मॅन्युअलसाठी ते टूल खुशाल वापरा, झकास पीडीएफ देतं. मराठीसाठी आधी वेबपान काढा आणि त्याचं पीडीएफ ब्राउझरकडून किंवा वीझीप्रिंट या टूलकडून करून घ्या. वीझीप्रिंट अक्षरं जुळवायला पँगो वापरतं, त्यामुळे जोडाक्षरं बरोबर येतात. पान क्रमांक, माथ्यावरचं नाव, डाव्या-उजव्या पानांचे समास हे सगळं स्टाइलशीटमधून सांगता येतं. इंग्रजीलाही हाच मार्ग ठेवलात तर दोन्ही पुस्तिका सारख्या दिसतील. मी तेच सुचवेन.

मार्कडाउनवाल्या कागदांसाठी पॅनडॉक हा एका प्रकारच्या फाइलीतून दुसऱ्या प्रकारची काढणारा प्रोग्राम पुरे. कॉमनमार्कवाले मॅकफार्लेन यांचंच ते, २००६ पासून. ते व्यवसायाने तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक आहेत हे मला अजूनही विशेष वाटतं. पॅनडॉकने मराठी पीडीएफ काढताना झीटेक हे इंजिन वापरायला सांगा आणि देवनागरी फाँटचं नाव द्या; काही न सांगता जे इंजिन तो वापरतो त्याला देवनागरी जमत नाही. वर्ड फाइल काढायची असेल तर नमुना म्हणून एक वर्ड फाइल देता येते आणि तिच्यातल्या स्टाइली उचलल्या जातात. इथे एक बारीक गोष्ट: वर्ड देवनागरीला ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट’ समजतं आणि तिचा फाँट व आकार वेगळा ठेवतं. नमुना फाइलीतल्या प्रत्येक स्टाइलमध्ये तो वेगळा ठरवला नाही, तर इंग्रजी नीट आणि मराठी भलत्याच फाँटात बारीक, असं होतं.

बाकीच्यांबद्दल दोन ओळी. टेक्स्टाइल २००२ चं, आता जुन्या सिस्टिमांतच भेटतं. ऑर्ग-मोड उत्तम आहे, पण ईमॅक्स या एडिटरशिवाय अर्धं. विकीची मांडणी मराठी विकिपीडियावर लिहायची तर शिकाच. सामान्यरूपामुळे तिथेही दुवा देताना `[[ठाणे|ठाण्यात]]` असं दोन भागांत लिहावं लागतं. टिप्स्ट २०२३ पासून सगळ्यांना खुलं आहे, पीडीएफ झटपट देतं, देवनागरीही नीट जुळवतं. पण वेबपान आणि फोन हा तुमचा मुख्य वाचक असताना आज मी त्यावर पैज लावणार नाही.

फायली गिटमध्ये ठेवा, हे इंजिनीअर सांगेलच. त्याने न सांगितलेलं: एका ओळीत एकच वाक्य लिहा. छापताना ओळी जोडून परिच्छेद होतोच, पण काय बदललं हे बघताना अख्खा परिच्छेद लाल-हिरवा न होता नेमकं वाक्य दिसतं. मराठी भाषांतर करणाऱ्यांना याचा सर्वात जास्त फायदा होतो. इंग्रजीतलं अकरावं वाक्य बदललं तर मराठीतलं अकरावं बघायचं. फाइलींची नावं रोमनमध्येच ठेवा. देवनागरी नावं गिट आकड्यांच्या माळेसारखी दाखवतं. ती सेटिंग बदलता येते, पण प्रत्येकाच्या संगणकावर बदलावी लागते.

आणि साहेब. करेक्शन देणारे वरिष्ठ गिट उघडणार नाहीत, त्यांच्याकडून ती अपेक्षाही धरू नका. त्यांना पीडीएफ पाठवा, त्यावर शेरे घेऊन तुमचा माणूस मूळ फाइलीत बदल करेल. ज्यांना थेट मजकुरात हात घालायचा असतो त्यांच्यासाठी मार्कडाउनच्या बाबतीत गूगल डॉक्स सोयीचं आहे. २०२४ पासून ते मार्कडाउन आत घेतं आणि बाहेरही देतं. एक नियम मात्र पहिल्या दिवसापासून हवा: पीडीएफमधून किंवा वर्डमधून बनवलेली कुठलीही प्रत ‘मूळ’ नाही. कोणी वर्डमध्ये दुरुस्त करून पाठवली तर ती शेऱ्यांची यादी समजायची.

जुन्या फायली आणताना पॅनडॉक वर्डमधून थेट ॲस्कीडॉक काढतो, आणि चित्रं वेगळ्या फोल्डरमध्ये काढून ठेवायलाही सांगता येतं. तीन गोष्टी हाताने कराव्या लागतील. वर्डमध्ये चित्रावर काढलेले बाण आणि आकडे येत नाहीत. ती चित्रं ड्रॉइंगवाल्यांकडून पुन्हा मागवा. ईएमएफ चित्रं ब्राउझर दाखवत नाही, त्यांची एसव्हीजी करून घ्या. आणि श्रीलिपी किंवा तत्सम जुन्या फाँटांत टाइप केलेली मराठी मॅन्युअलं असतील तर ती आधी युनिकोडमध्ये न्यावी लागतील, कारण त्या फाँटांत फाइलीत प्रत्यक्ष रोमन अक्षरं आणि चिन्हंच साठवलेली असतात, त्यांना देवनागरीचा मुखवटा असतो. फाँट काढला की मजकुरात तारे, कंस, उभ्या रेघा यांचा सडा, आणि ॲस्कीडॉक त्या प्रत्येकाला खूण समजतं. बदलून आलेलं प्रत्येक पान मराठी वाचणाऱ्याने वाचलंच पाहिजे. रूपांतर करणारी टूलं रफार आणि जोडाक्षरांत चुकतात.

सगळी वीस मॉडेलं एकदम घेऊ नका. सर्वात जास्त विकलं जाणारं एक घ्या, दोन्ही भाषांत. त्याआधी एक चाचणीचं पान बनवा: ‘क्षितिज’, ‘स्त्री’, ‘दुसऱ्या’, ‘ट्रॅक्टर’, ‘कार्यालय’ हे शब्द, ‘ॲडजस्टमेंट’ (हा ‘ॲ’ युनिकोडमध्ये २००८ साली आला, जुने फाँट तिथे चौकोन दाखवतात), दोन ताऱ्यांतलं `**सेव्ह**वर`, सहा पायऱ्यांची यादी, जोडलेल्या रकान्यांचा तक्ता आणि एक ‘धोका’ चौकट. कोणीही नवं टूल सुचवलं की आधी हे पान त्यातून काढून पीडीएफ मागा, आणि ते पीडीएफ संगणकावर नव्हे, शॉपफ्लोअरवरच्या एखाद्या साध्या फोनवर उघडून बघा.